वेडाची हद्द आणि ड्रेस्डेनचा निकाल

जर्मनीतल्या सॅक्सनीत, एल्बे नदीकाठच्या पिर्ना गावावर सोनेनश्टाइनचा जुना किल्ला उभा आहे. १८११ साली तिथे मनोरुग्णालय सुरू झाले. वेड्यांना नुसते कोंडून ठेवण्याऐवजी बरे करावे, या हेतूने निघालेल्या जर्मनीतल्या पहिल्या संस्थांपैकी ती एक. १८९४ पासून डानिएल पाउल श्रेबर हा रुग्ण तिथे होता. आदल्याच वर्षी ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयात एका पीठाचा अध्यक्ष म्हणून त्याची नेमणूक झाली होती आणि काही आठवड्यांतच त्याचे मन ढासळले होते. देवाचे किरण आपल्या मज्जातंतूंत शिरतात, सूर्य आपल्याशी बोलतो, आपले शरीर हळूहळू स्त्रीचे होत आहे आणि त्यातून नवी मानवजात जन्माला येऊन जगाचा उद्धार होणार आहे, अशी त्याची अढळ श्रद्धा होती. मधूनच तो मोठमोठ्याने ओरडे, आणि ते ओरडणेही आपल्याकडून कोणी तरी करवून घेते असे सांगे. पण हाच माणूस तब्बल नऊ महिने रुग्णालयाचा संचालक गीडो वेबर याच्या घरी, त्याच्या कुटुंबाबरोबर रोज जेवायला बसत होता. राजकारण, कायदा, कला, कोणताही विषय निघो, त्याचे बोलणे माहितीपूर्ण आणि तारतम्याचे असे, स्त्रियांशी वागणे सभ्य असे आणि जेवताना तो आपल्या किरणांचा विषय काढत नसे. हे सगळे वेबरनेच न्यायालयाला दिलेल्या अहवालात लिहून ठेवले आहे. तरीही त्याच अहवालात श्रेबरवरचे कायदेशीर पालकत्व कायम ठेवावे, असा त्याचा कौल होता. इतके खोल वेड असलेल्या माणसाच्या हाती त्याचा कारभार कसा द्यायचा, हा त्याचा सवाल होता.

श्रेबरने अपील केले आणि आपली बाजू स्वतः लिहून मांडली. आपल्या श्रद्धा त्याने लपवल्या नाहीत. उलट त्या सविस्तर सांगणारे आठवणींचे हस्तलिखित न्यायालयासमोर आले, आणि ते छापण्याचा त्याचा हट्ट हाच त्याच्या वेडाचा पुरावा म्हणून त्याच्याविरुद्ध वापरला गेला. १९०२ च्या जुलैत ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला. हा माणूस वेडा आहे याबद्दल न्यायालयाला शंका नव्हती. पण तो वेडा आहे की नाही हा आपल्यापुढचा प्रश्नच नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले. आपले व्यवहार तो सांभाळू शकतो का, एवढेच त्यांना तपासायचे होते, आणि त्याचे उत्तर होकारार्थी होते. पालकत्व उठले. श्रेबर त्याच वर्षाच्या अखेरीस घरी गेला आणि १९०३ मध्ये त्याचे पुस्तक छापून आले. मानसशास्त्राच्या इतिहासात हे पुस्तक गाजले ते मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने त्यावर लिहिलेल्या निबंधामुळे, आणि तो निकाल त्या निबंधाच्या सावलीत राहिला. माझे म्हणणे असे की स्वास्थ्य आणि आजार यांच्यामधल्या हद्दीबद्दल मनोविश्लेषणाने जे सर्वांत मोलाचे सांगितले, ते या निकालात व्यवहाराच्या भाषेत आधीच आलेले होते. हद्द माणसाच्या मनात काय आहे यावर ठरत नाही. जे आहे ते घेऊन त्याला जगता येते का, यावर ठरते. मनोविश्लेषणाने या विचाराला सिद्धान्ताचा आधार दिला. त्या धंद्याचा पुढचा इतिहास मात्र हा विचार पुन्हा पुन्हा विसरल्याचाही आहे.

हा विचार किती नवा होता हे कळायला एकोणिसाव्या शतकातली हद्द आधी पाहावी लागते. १८५७ साली बेनेदिक्त मोरेल या फ्रेंच डॉक्टरने वंशऱ्हासाची कल्पना मांडली. घराण्यात एकदा दोष शिरला की तो पिढीगणिक वाढत जातो; आजोबांचा चिडखोरपणा, बापाचे व्यसन, मुलाचे वेड आणि शेवटी वंशखंड, अशी ती उतरंड होती. या कल्पनेने वेड्याची जातच वेगळी केली. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात हिस्टेरियाच्या स्त्रियांचा अभ्यास करणारा शार्को हा असामान्य निरीक्षक, पण आजाराचे मूळ कारण म्हणून तोही आनुवंशिकतेकडेच बोट दाखवी. १८८५ च्या ऑक्टोबरपासून काही महिने तरुण फ्रॉइड त्याच्या हाताखाली शिकला. हिस्टेरिया हे ढोंग नाही आणि केवळ कल्पनेच्या जोरावर खराखुरा लकवा येऊ शकतो, हे त्याने तिथे डोळ्यांनी पाहिले. शार्कोविषयीचा आदर त्याने जन्मभर बाळगला, पण वंशऱ्हासाचा मुद्दा मात्र सोडून दिला. १८९५ मध्ये योसेफ ब्रॉयर या डॉक्टरबरोबर त्याने हिस्टेरियावर पुस्तक लिहिले. त्यातल्या रुग्ण स्त्रिया बुद्धिमान, कर्तबगार, काटेकोर विवेकाच्या होत्या. त्यांतली ‘आना ओ.’ म्हणजे बेर्था पापेनहाइम. तिने पुढे १९०४ मध्ये जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली आणि स्त्रियांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध जन्मभर लढा दिला. अशा बाईला सडत चाललेल्या वंशाची शेवटची कडी म्हणणे पुराव्याला धरून नव्हते.

मग फ्रॉइडने एक पाऊल पुढे टाकले आणि रुग्णांत सापडलेली यंत्रणा निरोगी माणसांत शोधायला घेतली. १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेले एक उदाहरण त्याची रीत स्पष्ट करते. रागूसाहून, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकहून, हर्झेगोविनाकडे जाताना एका अनोळखी सहप्रवाशाशी तो इटलीतल्या चित्रांबद्दल बोलत होता. ऑर्व्हिएतोच्या कॅथीड्रलमधली भित्तिचित्रे काढणाऱ्या चित्रकाराचे नाव त्याला काही केल्या आठवेना. सिन्योरेल्लीऐवजी बोत्तिचेल्ली आणि बोल्त्राफियो ही नावे ओठांवर येत राहिली, आणि ती चुकीची आहेत हेही त्याला कळत होते. मागचा धागा त्याने शोधला. थोड्याच वेळापूर्वी बोस्नियातल्या तुर्कांच्या मृत्यूविषयीच्या वृत्तीवर बोलणे झाले होते. त्याच लोकांच्या कामजीवनाविषयीचा एक किस्सा अनोळखी माणसापुढे नको म्हणून त्याने गिळला होता. त्याच्या एका रुग्णाने आत्महत्या केल्याची बातमी काही आठवड्यांपूर्वी त्राफोई गावी त्याला मिळाली होती, तिचा विचारही त्याने बाजूला सारला होता. ‘सिन्योर’ म्हणजे जर्मनमध्ये ‘हेर’. हेर, हर्झेगोविना, बोस्निया, त्राफोई या अक्षरांच्या साखळीतून हवे ते नाव खाली ओढले गेले आणि दुसऱ्या नावांचे तुकडे वर आले, असा त्याचा उलगडा होता. नको असलेला विचार दडपणे, त्याचा जोर शेजारच्या निरुपद्रवी गोष्टीवर सरकणे आणि भलतेच काही तरी पर्यायाने पृष्ठभागावर येणे, ही हिस्टेरियाचे लक्षण घडण्याचीच रीत होती. इथे मात्र ती धडधाकट डॉक्टरच्या विसरण्यात दिसत होती. १८९९ च्या अखेरीस आलेल्या स्वप्नांवरच्या ग्रंथात बहुतेक मोठी उदाहरणे त्याच्या स्वतःच्या स्वप्नांची आहेत. १९०१ मध्ये रोजच्या चुकांचे पुस्तक आले आणि १९०५ मध्ये विनोदाचे. व्हिएन्ना विद्यापीठात १९१५ ते १९१७ या काळात दिलेल्या व्याख्यानांत त्याने निष्कर्ष स्पष्ट मांडला. निरोगी माणूसही आत न्यूरोसिसची, म्हणजे वास्तवाचे भान न सुटता होणाऱ्या मानसिक त्रासाची, सामग्री बाळगून असतो. वरवर पाहता स्वप्ने हेच त्याचे एकमेव लक्षण. आजारी आणि निरोगी यांच्यातला फरक प्रमाणाचा आहे, जातीचा नाही. तो व्यवहारातच ठरतो: माणसाकडे आनंद घेण्याची आणि काही करून दाखवण्याची पुरेशी ताकद शिल्लक आहे का?

सिन्योरेल्लीच्या उलगड्यावर शंका घेणे रास्त आहे. सेबास्तियानो तिंपानारो या इटालियन भाषाशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये एक पुस्तकच लिहून दाखवले की फ्रॉइडच्या अनेक चुकांचे स्पष्टीकरण जुन्या हस्तलिखितांची नक्कल करताना होणाऱ्या साध्या चुकांच्या नियमांनी देता येते. कोणत्याही विसरलेल्या नावापासून निघून मनाजोगत्या गुपितापर्यंत पोचता येत असेल, तर तो पुरावा कसला? हा आक्षेप मी मान्य करतो, आणि तरी मूळ मुद्दा त्याने ढळत नाही असेही म्हणतो. समजा फ्रॉइडचे प्रत्येक उदाहरण बाद झाले. तरी निरोगी मन स्वतःला पूर्ण दिसत नाही, त्याच्या विसरण्यात, आवडीनिवडीत, निर्णयांत त्याला न कळणाऱ्या प्रक्रिया चालू असतात, हे पुढच्या प्रायोगिक मानसशास्त्राने आपल्या वेगळ्या वाटेने स्वीकारलेच आहे. नेदरलँड्समध्ये मारिउस रोमे आणि सांड्रा एशर यांनी १९८० च्या दशकात कानात आवाज ऐकू येणाऱ्या माणसांना एकत्र आणले, तेव्हा त्यांत अशीही माणसे निघाली की जी आयुष्यभर आवाज ऐकत होती आणि डॉक्टरकडे कधी गेली नव्हती. यंत्रणेचा तपशील बदलला, पण हद्दीविषयीची अंतर्दृष्टी टिकली.

श्रेबरवरच्या निबंधात फ्रॉइडने हीच दृष्टी न्यूरोसिसच्या पलीकडे, थेट वेडापर्यंत नेली. १९११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. फ्रॉइड श्रेबरला कधी भेटला नव्हता. समोर होते ते फक्त छापील पुस्तक. त्या निबंधाचे गाजलेले प्रतिपादन, म्हणजे संशयवेडाच्या मुळाशी दडपलेली समलिंगी इच्छा असते हे, आज टिकत नाही. त्यातला दुसरा विचार मात्र आजही ताजा आहे. श्रेबरचे जग आधी कोसळले होते. आजूबाजूची माणसे खरी नाहीत, घाईघाईने उभी केलेली बाहुली आहेत आणि खरे जग संपले आहे, असे त्याला वाटत होते. फ्रॉइडच्या मते खरा आजार तो होता: जगावरून मन उठणे. किरण, देव आणि उद्धार यांची भव्य रचना ही त्या पडझडीतून जग पुन्हा उभारण्याची धडपड होती. आपण ज्याला वेड म्हणतो तो बरे होण्याचा प्रयत्न होता. प्रयत्न वेडावाकडा होता, पण त्यानेच श्रेबर पुन्हा माणसांत आला, वेबरच्या टेबलावर जेवायला बसण्याइतका. न्यायालयाने जे बाहेरून पाहिले होते, त्याचे आतले कारण इथे सापडते. भ्रम कायम असूनही तो आपला कारभार पाहू शकत होता, कारण भ्रमानेच त्याच्या आयुष्याला पुन्हा आकार दिला होता. आणि त्याच्या श्रद्धा खोडून काढणे हाच इलाज मानला असता, तर कदाचित त्याचा उभा राहिलेला आधारच पाडला गेला असता.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. सगळेच थोडे आजारी, असे म्हटले की आजाराचे गांभीर्य संपत नाही का? स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाच्या घरी, ज्यांनी रात्रीच्या रात्री जागून काढल्या आहेत, त्यांना ‘आपण सगळेच थोडे वेडे’ असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिनने १८९९ पर्यंत वेडाचे मुख्य प्रकार वेगळे काढून त्यांचा मार्ग कसा जातो हे दाखवले होते, आणि पुढचे निदान बरेचसे त्या वर्गवारीवरच उभे राहिले. मनोविश्लेषणातही या सातत्याला विरोध झाला. श्रेबरवर १९५५-५६ मध्ये पूर्ण वर्षभर व्याख्याने देणाऱ्या जाक लाकान या फ्रेंच मनोविश्लेषकाच्या मते न्यूरोसिस आणि सायकोसिस, म्हणजे वेड, या वेगळ्या रचना आहेत, एकाच पट्टीवरच्या दोन खुणा नव्हेत. मला वाटते, प्रमाणाचा फरक म्हणजे क्षुल्लक फरक, हा समज मुळात चुकीचा आहे. रक्तदाब प्रत्येकालाच असतो, म्हणून पक्षाघात किरकोळ ठरत नाही. फ्रॉइडने १९३३ च्या व्याख्यानांत स्फटिकाचा दाखला दिला: तो पडला की वाटेल तसा फुटत नाही, आत आधीपासून असलेल्या रेषांवरूनच दुभंगतो. फुटलेला आणि अखंड स्फटिक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण रेषा दोघांतही आहेत. म्हणून १९३७ च्या निबंधात त्याने सामान्य मनाला आदर्श कल्पना म्हटले; प्रत्यक्षातला माणूस तिच्या कमी-अधिक जवळ असतो. यातून उपचार टळत नाहीत. टळतो तो फक्त रुग्णाला परका प्राणी मानण्याचा अधिकार.

दुसरा आक्षेप धंद्याच्या इतिहासातूनच येतो, आणि तो जास्त बोचरा आहे. हद्द पुसली म्हणता, मग मनोविश्लेषकांनी निरोगी माणसांनाच आजारी ठरवण्याचा सपाटा का लावला? याचे उत्तर बचावात्मक असू शकत नाही. १९०५ मध्ये फ्रॉइडने समलिंगी आकर्षणाला वंशऱ्हासाचे लक्षण मानायला नकार दिला, कारण अन्य बाबतींत पूर्ण सक्षम आणि बुद्धीने थोर माणसांतही ते दिसते. १९३५ मध्ये एका अमेरिकन आईला लिहिलेल्या पत्रात हा आजार म्हणता येणार नाही असे त्याने कळवले, जरी तो त्याला वाढ अडल्याचा प्रकार मानत राहिला. पण पुढच्या पिढीतल्या अमेरिकन विश्लेषकांनी, उदाहरणार्थ १९६२ मध्ये अर्विंग बीबरने आणि नंतर चार्ल्स सोकॅरिडीजने, त्याला आजारच ठरवले. १९७२ मध्ये डॅलसला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अधिवेशनात एका समलिंगी डॉक्टरला मुखवटा घालून, आवाज बदलून बोलावे लागले, कारण नाव कळले असते तर नोकरी गेली असती. १९७३ च्या डिसेंबरात त्या संघटनेने समलिंगी आकर्षण आजारांच्या यादीतून काढले आणि १९७४ मध्ये सभासदांच्या मतदानात ५,८५४ विरुद्ध ३,८१० असा तो निर्णय टिकला. हे मतदान विरोधकांनी मागितले होते आणि त्यांत मनोविश्लेषक आघाडीवर होते. अमेरिकन मनोविश्लेषण संघटनेने या इतिहासाबद्दल माफी मागितली ती थेट २०१९ मध्ये. तरीही १९७३ चा निर्णय ज्या निकषावर झाला तो पाहण्यासारखा आहे. त्या संघटनेतल्या रॉबर्ट स्पिट्झरने मांडले की एखादी मानसिक अवस्था विकार ठरायची तर तिच्यातून नेहमी त्रास व्हावा किंवा जगण्याची क्षमता सर्वसाधारणपणे खालावावी. समलिंगी आकर्षणात तसे होत नाही. हा निकष फ्रॉइडच्या १९१७ च्या निकषाच्या किती जवळ आहे, हे उघड आहे. धंद्याने स्वतःचा सर्वांत चांगला विचार सोडून समाजाची रीत हेच स्वास्थ्य मानले, आणि तोच विचार दुसऱ्यांनी त्याच्याविरुद्ध वापरला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. क्षमता हाच निकष धरला, तर अक्षम माणसाचे काय? या प्रश्नाला सोनेनश्टाइननेच भीषण उत्तर दिले. १९२८ पासून पाउल नीचे हा तिथला संचालक होता. पुढे तो नाझी राजवटीच्या रुग्णहत्येच्या मोहिमेचा वैद्यकीय प्रमुख झाला. १९४० च्या जूनपासून १९४१ च्या ऑगस्टपर्यंत या किल्ल्यातल्या तळघरातल्या वायुकोठडीत १३,७२० रुग्ण आणि अपंग माणसे मारली गेली. कोणाला न्यायचे हे छापील अर्जांवरून ठरे. त्यात निदान, रुग्णालयात काढलेली वर्षे आणि काम करण्याची क्षमता विचारलेली असे. क्षमतेची पट्टी इतकी क्रूर होऊ शकते. पण इथे दोन प्रकारच्या क्षमतांमधला फरक नीट पाहायला हवा. त्या अर्जांना राज्याच्या दृष्टीने माणसाचा उपयोग मोजायचा होता. ड्रेस्डेनच्या न्यायालयाने मोजला तो श्रेबरचा स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा: त्याचे पैसे, त्याचे घर, त्याचे पुस्तक. फ्रॉइडच्या निकषातही आनंद घेण्याची ताकद कर्तृत्वाच्या आधी येते, आणि आनंदासाठी नाझींच्या अर्जात रकाना नव्हता. शिवाय त्या राजवटीचा पायाच मोरेलच्या जुन्या विभागणीचा होता: १९३३ च्या कायद्याने स्किझोफ्रेनियासह ठरावीक आजारांच्या माणसांची सक्तीने नसबंदी केली, वेड्याची जात वेगळी आहे असे मानूनच. क्षमता कमी असेल तर मदत वाढवायची असते. माणसाची किंमत कमी करण्याचे ते कारण होऊ शकत नाही, आणि हे स्पष्ट म्हटल्याशिवाय हा निकष वापरूच नये.

श्रेबरचा शेवट सांगून कोणी म्हणेल की न्यायालय फसले. सुटल्यावर तो पत्नी आणि दत्तक मुलीसह ड्रेस्डेनमध्ये राहिला. १९०७ मध्ये त्याची आई वारली, पत्नीला पक्षाघात झाला, आणि तो पुन्हा इतका खचला की लाइपझिगजवळच्या ड्योसेन मनोरुग्णालयात गेला. १९११ च्या एप्रिलमध्ये तो तिथेच वारला. पण न्यायालयाने हा माणूस पुन्हा कधी आजारी पडणार नाही, असे भाकीत केले नव्हते. तो आज आपला कारभार पाहू शकतो, एवढेच म्हटले होते, आणि त्यातून त्याला स्वतःच्या घरात काढलेली जवळपास पाच वर्षे मिळाली. मनोविश्लेषक हाइन्झ हार्टमनने १९३९ मध्ये स्वास्थ्याच्या कल्पनेवर लिहिताना म्हटले की निरोगी माणसातही दुःख सोसण्याची आणि काही वेळा आजारी पडण्याची क्षमता असावी लागते. निव्वळ लक्षणे नसणे म्हणजे स्वास्थ्य नव्हे. हद्द अशी माणसागणिक आणि काळागणिक सरकते, म्हणून ती एकदा आखून कायमची शिक्का मारण्याजोगी नसते.

आपल्याकडे १९१२ च्या ल्युनसी ॲक्टच्या भाषेत वेडा आणि शहाणा यांच्यात भिंतच होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात आज असे आहे की समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक चाकोरीबाहेर वागणे हे मानसिक आजाराचे लक्षण धरता येणार नाही, आणि आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी कायद्याच्या दृष्टीने विकल मनाचा ठरत नाही. ते सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते. समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा कलंक पुसताना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात या कायद्याचाही आधार घेतला. पिर्नाच्या टेकडीवरून आपले हस्तलिखित घेऊन न्यायालयात गेलेल्या एका वेड्या न्यायाधीशाने १९०२ मध्ये जो हक्क मिळवला, तो आज पुणे, ठाणे किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातल्या माणसाचाही कायदेशीर हक्क आहे. तो कागदावरून वॉर्डात उतरायचा, तर डॉक्टर, न्यायाधीश आणि घरचे या सगळ्यांनी रुग्णाला काय वाटते याच्या इतकेच लक्ष त्याला काय करता येते याकडे दिले पाहिजे, आणि जिथे करता येत नाही तिथे त्याच्याकडून हिरावून घेण्याआधी त्याला हात दिला पाहिजे.